यंत्राचा शब्द प्रमाण मानावा काय?

ज्ञान कोणत्या मार्गांनी होते, याचा विचार आपल्याकडील नैयायिकांनी फार बारकाईने करून ठेवला आहे. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे त्यांनी मानिली. डोंगरावर धूर दिसला, हे प्रत्यक्ष. धूर आहे त्या अर्थी तेथे अग्नी असला पाहिजे, हे अनुमान. गाईसारखा दिसणारा प्राणी तो गवय असे आधी ऐकलेले असल्यामुळे अरण्यात तो ओळखता आला, हे उपमान. आणि स्वतः न पाहता व तर्क न करता, केवळ विश्वासू मनुष्याने सांगितले म्हणून एखादी गोष्ट खरी मानली, हे शब्दप्रमाण. या चौथ्या प्रमाणास त्यांनी एक अट घातली. सांगणारा 'आप्त' असावा. म्हणजे त्यास त्या गोष्टीचे ज्ञान असावे आणि ते जसेच्या तसे सांगण्याची त्याची इच्छा असावी. जो जाणत नाही त्याचा शब्द प्रमाण नव्हे, आणि जो जाणूनही फसवू पाहतो त्याचाही नव्हे.

गेल्या पन्नास-साठ वर्षांत या प्रमाणांच्या सभेत एक नवा बोलणारा येऊन बसला आहे. तो म्हणजे संगणकाचे सॉफ्टवेअर, अर्थात आज्ञावली. संशोधक त्यास माहिती पुरवितो, ते आकडा देते, आणि तो आकडा पुढे ग्रंथांत, सरकारी अहवालांत व वृत्तपत्रांत सिद्ध गोष्ट म्हणून वावरू लागतो. या नव्या बोलणाऱ्याचा शब्द प्रमाण मानावा काय, आणि मानावयाचा तर कोणाच्या जामिनावर, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. हा प्रश्न केवळ विद्यापीठांतील पंडितांचा नव्हे. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत वाघ किती, जंगल किती, अमुक जमीन अमुक वर्षी कोणाच्या कसणुकीत होती, या प्रश्नांच्या उत्तरांत आज यंत्राचा वाटा मोठा आहे; आणि त्या उत्तरांवर माणसांची घरे, शेते, क्वचित प्राणही अवलंबून असतात.

प्रथम या बोलणाऱ्याची जातकुळी पाहू. शास्त्रीय संशोधनात वापरली जाणारी सॉफ्टवेअरे एकाच प्रकारची नसतात. स्थूलमानाने त्यांचे पाच वर्ग करता येतील. पहिला वर्ग लेखनिकाचा. ही सॉफ्टवेअरे केवळ नोंद घेतात व ती रकान्यांत नीट मांडून ठेवतात. दुसरा वर्ग ओळख पटविणाऱ्याचा. चित्र, आवाज वा अन्य खूण पाहून ही वस्तू कोणती, एवढे ती सांगतात. तिसरा वर्ग संख्याशास्त्र्याचा. थोडक्या नोंदींवरून संपूर्ण समुदायाविषयी अनुमान काढणे हे त्यांचे काम. चौथा वर्ग नकाशा काढणाऱ्याचा, जो उपग्रहाने टिपलेल्या चित्रांस भूमीवर नेमके बसवितो. आणि पाचवा वर्ग भाकीत करणाऱ्याचा. वस्तुस्थितीची एक गणिती प्रतिकृती उभारून, असे झाले तर काय होईल, हे ती सांगतात. या पाचांत उत्तरोत्तर यंत्राचे स्वातंत्र्य वाढत जाते आणि पाहणाऱ्याचा डोळा दूर जात राहतो.

ताडोबाच्या अरण्यात हे वर्ग एका माळेत ओवलेले दिसतात. ताडोबा हे १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे अंधारी अभयारण्यासह त्याचा व्याघ्रप्रकल्प बनला. तेथे गस्त घालणारा वनरक्षक आपल्या मोबाइलमधील 'एम्-स्ट्राइप्स' नावाच्या व्यवस्थेत पाऊलखूण, विष्ठा व सावजाचे अवशेष यांची नोंद स्थळासह करतो. हे लेखनिकाचे काम झाले. रानवाटांवर समोरासमोर दोन-दोन कॅमेरे बांधलेले असतात. समोरासमोर अशासाठी, की वाघाच्या डाव्या कुशीवरील पट्टे उजव्या कुशीवरील पट्ट्यांसारखे नसतात, आणि दोन वाघांचे पट्टेही कधी एकसारखे नसतात. कॅमेऱ्यांत साठलेल्या चित्रांच्या ढिगातून वाघाची चित्रे निराळी काढणे हे एका आज्ञावलीचे काम, आणि वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची परस्परांशी तुलना करून हा पूर्वी पाहिलेला वाघ की नवा, हे सुचविणे दुसरीचे. त्यानंतर संख्याशास्त्राची आज्ञावली येते आणि न दिसलेले वाघ किती असावेत, हे सांगते.

२०१८-१९ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि त्यांतून ३ कोटी ४८ लाखांहून अधिक चित्रे मिळाली. त्यांपैकी वाघाची चित्रे ७६,६५१. म्हणजे सुमारे साडेचारशे चित्रांमागे एक. त्यांवरून बछडे वगळता २,४६१ निरनिराळे वाघ ओळखले गेले. परंतु देशापुढे जो आकडा आला तो २,९६७ चा होता. या दोन आकड्यांत ५०६ चे अंतर आहे. म्हणजे पाचशेवर वाघ असे, की ज्यांचे चित्र कोणाही मनुष्याने पाहिलेले नाही. त्यांचे अस्तित्व गणिताने सांगितले आणि आपण ते मानिले.

हे ऐकून एखाद्यास वाटेल की ही लबाडी झाली. तसे मुळीच नाही. हे अनुमान कसे चालते, ते या जिल्ह्यांतील कोणत्याही ढिवरास सहज समजावून देता येईल. येथे गावोगावी माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांस 'मामा तलाव' म्हणतात. अशा एका तलावात मासे किती, हे तलाव न उपसता जाणावयाचे आहे असे समजा. एके दिवशी ५० मासे धरून त्यांच्या परावर लहानशी खूण करावी आणि ते पुन्हा पाण्यात सोडावेत. काही दिवसांनी पुन्हा जाळे टाकावे. समजा, या वेळी ४० मासे आले आणि त्यांतील १० खुणेचे निघाले. जाळ्यातील चौथा हिस्सा खुणेचा, त्या अर्थी तलावातीलही चौथा हिस्सा खुणेचा असावा. आणि खुणेचे तर ५० आहेत. म्हणून तलावात सुमारे २०० मासे असावेत. वाघाच्या बाबतीत खूण निसर्गानेच अंगावर काढून ठेवली आहे, आणि जाळ्याऐवजी कॅमेरा आहे, एवढाच मूलतः फरक. डॉ. उल्हास कारंथ यांनी ही पद्धत भारतात वाघांसाठी नागरहोळे येथे प्रथम रुजविली आणि १९९५ साली तिचे फलित प्रसिद्ध केले. आता वापरात असलेली गणिते याहून पुष्कळ गुंतागुंतीची आहेत. कोणत्या कॅमेऱ्यापासून वाघाचे वावरण्याचे केंद्र किती दूर, याचाही हिशेब त्यांत असतो. परंतु गाभा हाच.

मात्र या साध्या उदाहरणातच अनुमानाच्या अटीही उघड होतात. खूण केलेले मासे इतरांत नीट मिसळले पाहिजेत. एकदा जाळ्यात सापडलेला मासा जाळ्यास भिऊन दूर राहता कामा नये. मधल्या काळात खूण पुसली जाता कामा नये आणि तलाव फुटून मासे वाहून जाता कामा नयेत. नैयायिकांच्या भाषेत सांगावयाचे तर, ही या अनुमानाची व्याप्ती होय. जेथे धूर तेथे अग्नी, हा नियम पक्का असेल तरच धुरावरून अग्नीकडे जाता येते. नियम ढिला असेल तर जे निघते ते अनुमान नसून हेत्वाभास असतो. आज्ञावलीच्या पोटात अशा कित्येक व्याप्ती लिहिलेल्या असतात. ज्याने ती लिहिली त्यास त्या ठाऊक असतात. ज्याने ती समजून वापरली त्यासही त्या ठाऊक असतात, आणि म्हणून त्याच्यापुरते निघालेले उत्तर हे अनुमानच राहते. परंतु जो केवळ कळ दाबतो, त्याच्यापुरते तेच उत्तर अनुमान राहत नाही. ते निव्वळ शब्दप्रमाण होते. आणि मग आप्तत्वाचा प्रश्न उभा राहतो.

यंत्र आप्त आहे काय? त्याच्या ठायी फसविण्याची इच्छा नाही, ही गोष्ट खरी. पण त्याच्या ठायी खरे सांगण्याचीही इच्छा नाही. त्यास वाघाचे ज्ञान नाही, ५०६ या आकड्याचा अर्थ ठाऊक नाही, आणि चुकले तर लाज वाटावयास त्यास मनही नाही. ते जितक्या शांतपणे बरोबर उत्तर देते तितक्याच शांतपणे चुकीचे देते. मनुष्य साक्षीदार अडखळतो, घाम पुसतो, दोनदा निराळे बोलतो. त्यावरून आपण ओळखतो. यंत्राच्या आवाजात हा कंप नाही. म्हणून आप्ताची जी दोन लक्षणे, त्यांपैकी एकही यंत्रास पूर्णपणे लागू पडत नाही.

याचे एक गंभीर उदाहरण अमेरिकेत घडले. स्क्रिप्स संशोधनसंस्थेतील जेफ्री चँग हे पेशीच्या आवरणातील प्रथिनांची रचना शोधून काढीत असत. २००१ साली त्यांनी प्रसिद्ध केलेली एक रचना मोठी नाणावली व पुढे तिच्या आधारे आणखी संशोधन झाले. २००६ साली स्वित्झर्लंडमधील दोघा संशोधकांनी तशाच एका प्रथिनाची रचना प्रसिद्ध केली, ती या रचनेशी जुळेना. शोध घेता कळले की, चँग यांच्या प्रयोगशाळेत माहिती जुळविण्याकरिता जी घरगुती आज्ञावली वापरात होती, तिच्यात आकड्यांचे दोन रकाने परस्परांच्या जागी गेले होते. त्यामुळे सारी रचनाच उलटी, आरशातल्यासारखी झाली होती. ती आज्ञावली दुसऱ्या प्रयोगशाळेतून वारशाने आलेली होती. चँग यांनी एकंदर पाच निबंध मागे घेतले. येथे कोणी लबाडी केली नव्हती. वारशाने आलेल्या दागिन्याचे सोने कोणी कसोटीवर घासून पाहिले नव्हते, इतकेच.

लेखनिकाच्या वर्गातील सॉफ्टवेअरही निरुपद्रवी नसते, हे दुसरे उदाहरण दाखवील. जनुकांस लघुनामे देण्याची शास्त्रज्ञांची रीत आहे. त्यांतील 'सेप्ट १', 'मार्च १' अशी काही नावे इंग्रजी महिन्यांच्या नावांसारखी दिसत. एक्सेल हे रकाने मांडणारे सॉफ्टवेअर अशी नावे लिहिताच त्यांच्या आपोआप तारखा करून टाकी. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत आढळले की, जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडणाऱ्या निबंधांपैकी सुमारे एकपंचमांशांत हा घोटाळा झालेला होता. शेवटी २०२० साली नावे ठरविणाऱ्या समितीने जनुकांचीच नावे बदलली; मूळ सॉफ्टवेअरमध्ये ही सक्ती टाळण्याची सोय त्यानंतर, २०२३ साली आली. विनोद बाजूस ठेवला तर यातील बोध गंभीर आहे. चाकराच्या खोडीपायी धन्याने आपल्या मुलांची नावे बदलावी, असे हे झाले.

येथवर आपण चुकांविषयी बोललो. परंतु काही गोष्टी चुका नसतात, त्या निवडी असतात; आणि त्याच अधिक विचार करण्यासारख्या आहेत. गडचिरोली हा महाराष्ट्रातील सर्वांत घनदाट वनांचा जिल्हा. त्याचे वनाच्छादन किती, हे भारतीय वनसर्वेक्षण संस्था १९८७ पासून साधारणतः दर दोन वर्षांनी उपग्रहचित्रांवरून सांगत आली आहे. त्या मापनात एक हेक्टरहून मोठी व दहा टक्क्यांहून अधिक छत्र असलेली भूमी, मालकी कोणाची व झाडे कोणती हे न पाहता, वनाच्छादित धरली जाते. फळबागा व बांबूही तीत मोजले जातात. या व्याख्येत गैर असे काही नाही. देशभर एकच माप लावावयाचे तर कोणती तरी व्याख्या हवीच. परंतु मोहाची, चाराची, तेंदूची झाडे जेथे मिसळून वाढली आहेत असे जुने रान, आणि जेथे ओळीने एकटा साग लावला आहे अशी लागवड, यांतील भेद गोंड स्त्रीच्या टोपलीस कळतो, तो या आकड्यास कळत नाही. नकाशावर दोन्ही हिरवेच. नकाशा खोटे बोलत नाही. त्यास जे विचारिले तेवढेच तो सांगतो. मात्र काय विचारावयाचे, हे ज्याने ठरविले त्याची निवड त्या हिरव्या रंगाखाली झाकली जाते.

भाकीत करणाऱ्या पाचव्या वर्गात हे अधिकच घडते. ताडोबातून वाघ दक्षिणेस व पूर्वेस कावल आणि इंद्रावती यांच्या रानांकडे कोणत्या वाटेने जाऊ शकतील, हे ठरविण्यासाठी जी सॉफ्टवेअरे वापरतात, त्यांत एक कल्पना अशी आहे की, वाघ हा विजेच्या प्रवाहासारखा कमी अडथळ्याच्या वाटेने वाहतो. त्यासाठी भूमीच्या प्रत्येक तुकड्यास एक अडथळ्याचा आकडा द्यावा लागतो. दाट रानास कमी, धानाच्या बांधीस अधिक, कोळशाच्या उघड्या खाणीस त्याहून अधिक, रस्त्यास अमुक, गावास तमुक. हे आकडे कोण देतो? मनुष्य देतो. त्याला आधार असतो, अनुभव असतो. तरी ती शेवटी मनुष्याची निवडच. पुढे संगणक त्यावर लक्षावधी वेळा गणित करतो आणि एक रेखीव नकाशा बाहेर पडतो. त्या रेखीवपणाच्या भरात आपण विसरतो की, मुळाशी एका माणसाने 'माझ्या मते' असे म्हटले होते.

या विचारास दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, सर्वच गोष्टी प्रत्येकाने तपासून पाहावयाच्या तर शास्त्र एक पाऊलही पुढे जाणार नाही. आपले आजोबा लॉगॅरिथमची कोष्टके वापरीत, ती त्यांनी कोठे स्वतः काढून पाहिली होती? हा आक्षेप बरोबर आहे, पण अर्धाच. कोष्टकातील कोणताही एक आकडा कोणाही विद्यार्थ्यास कागद-पेन्सिल घेऊन पडताळता येत असे. तशी सोय असूनही कोष्टकांत चुका राहत. आणि १८२१ साली खगोलाची कोष्टके तपासताना अशा चुकांनी त्रस्त होऊनच चार्ल्स बॅबेजला गणनयंत्राची कल्पना सुचली, असे सांगतात. म्हणजे संगणकाच्या वंशाचा मूळ पुरुष मनुष्याच्या चुकांवरील उपाय म्हणून जन्मास आला. आता त्याच्या वंशजांवर आंधळेपणाने विसंबणे म्हणजे औषधाचेच व्यसन करून घेणे होय. प्रत्येकाने सर्व तपासावे असे कोणी म्हणत नाही. परंतु ज्यास शंका येईल त्यास तपासता आले पाहिजे, एवढी वाट खुली हवी.

म्हणूनच ज्या आज्ञावलींचा अंतर्भाग सर्वांस वाचावयास खुला असतो, त्यांचे संशोधनातील महत्त्व केवळ फुकट मिळण्यात नाही. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी निर्मिलेली 'आर' ही संख्याशास्त्राची भाषा १९९५ पासून अशी खुली आहे, आणि वाघांच्या संख्येचे अनुमान काढण्याची साधनेही तीत उपलब्ध आहेत. बंद पेटीतील आज्ञावली विकत घेणारा संशोधक एका अर्थी असे म्हणतो की, माझ्या सिद्धान्ताचा पुरावा एका व्यापाऱ्याच्या कुलुपात आहे. सिद्धान्ताच्या बाबतीत हे चालण्यासारखे नाही. तथापि खुलेपणा पुरेसा आहे असेही नव्हे; ग्रंथ उघडा ठेवला म्हणजे तो वाचला गेला असे होत नाही. कोणी तरी तो वाचणारा, आणि वाचून भांडणारा हवा. २०१० च्या गणनेत खुणांवरून संख्या काढण्याची जी पद्धत वापरली होती, तिच्या गणितावर २०१५ साली काही संशोधकांनी जाहीर आक्षेप घेतला आणि बराच वाद झाला. अशा वादाने कोणाची प्रतिष्ठा जाते असे आम्हांस वाटत नाही. ज्या आकड्यावर वाद होऊ शकतो, तोच आकडा शास्त्राचा, बाकीचे आदेश.

दुसरा आक्षेप गुप्ततेचा. वाघ कोठे फिरतो हे जाहीर केले तर शिकाऱ्यास वाट दाखविल्यासारखे होईल, आणि चंद्रपूरच्या रानांस शिकारी टोळ्यांचा जाच नवा नाही. हा आक्षेप सर्वस्वी मान्य आहे. पण यात दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये. वाघ कोठे आहे हे लपवावे. तो कसा मोजला हे लपविण्याचे कारण नाही.

येथे जुन्या पद्धतीचे गोडवे गाण्याचाही मोह टाळला पाहिजे. १९६६ च्या सुमारास ओडिशातील वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी घालून दिलेल्या रीतीने वनरक्षक वाघाच्या पंजाचा ठसा काचेवर रेखून वा प्लास्टरमध्ये उठवून घेत, आणि ठशांवरून वाघ ओळखीत. अनेक वर्षे देशाची व्याघ्रगणना यावरच चालली. त्यात यंत्र नव्हते, सारा मनुष्याचाच शब्द होता. तरीही राजस्थानातील सारिस्का येथे कागदावर वाघ नांदत असता २००५ साली असे उघडकीस आले की, रानात एकही उरलेला नाही. म्हणजे मनुष्य आहे म्हणून तो आप्त आहे असे होत नाही. वरिष्ठांस आवडणारा आकडा देण्याची इच्छा मनुष्याच्याच ठायी असते, यंत्राच्या नव्हे. तेव्हा प्रश्न मनुष्य की यंत्र असा नसून, कोणताही शब्द उलटतपासणीस उभा राहतो की नाही, असा आहे.

आता या प्रश्नाच्या मर्माकडे वळू. उलटतपासणीचा अधिकार कोणास? शास्त्रज्ञ म्हणतील, शास्त्रज्ञांस. आमच्या मते तेवढ्याने भागत नाही. महाराष्ट्रातील वाघांची संख्या २०१८ साली ३१२ होती, ती २०२२ च्या गणनेत ४४४ झाली. ही आनंदाची वार्ता आहे. परंतु ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली, मूल या भागांत पहाटे मोह वेचावयास किंवा वैशाखात तेंदूची पाने तोडावयास गेलेली माणसे वाघाच्या तडाख्यात सापडून मरतात, हेही तितकेच खरे. वाघ अधिक झाले म्हणून काहींस दुसऱ्या रानात न्यावे, अमुक रानवाट बंद करावी, अमुक गाव उठवावे, असे निर्णय होतात आणि त्यांच्या मुळाशी हे आकडे असतात. ज्याच्या आयुष्यावर आकडा लागू होतो त्यास, तो कसा काढला, हे विचारण्याचा हक्क आहे. त्यास उच्च गणित येत नाही, हे उत्तर नव्हे. मामा तलावातील माशांचा हिशेब ज्यास कळतो त्यास आकड्याचा गाभा कळतो. आणि जो संशोधक तो हिशेब सांगू शकत नाही, त्यास तो स्वतःस तरी किती कळला आहे, अशी शंका घेण्यास जागा राहते.

या बाबतीत आपल्या देशाच्या कायद्याने एक शहाणपणाची गोष्ट केली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनची कसणूक सिद्ध करावी लागते. अशा वेळी उपग्रहचित्र पाहून 'येथे शेत दिसत नाही' असे म्हणणे सोपे असते. वनसर्वेक्षणासाठी दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या उपग्रहचित्रांत एका ठिपक्यात सुमारे साडेपाचशे चौरस मीटर भूमी सामावते. झाडांच्या सावलीतला धानाचा लहानसा तुकडा त्यात हरवला तर नवल नाही. म्हणून २०१२ साली दुरुस्त केलेल्या नियमांत म्हटले आहे की, उपग्रहचित्रे व तत्सम साधने ही इतर पुराव्यांस पूरक म्हणून घेता येतील, त्यांची जागा ती घेऊ शकत नाहीत. आणि त्या इतर पुराव्यांत गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी उतरविलेले निवेदनही येते. म्हणजे आकाशातील डोळा आणि गावच्या म्हाताऱ्याची साक्ष या दोहोंस कायद्याने एका पंगतीस बसविले. म्हातारा चुकू शकतो, तसे चित्रही चुकू शकते. परंतु म्हाताऱ्यास सभेत प्रश्न विचारता येतात.

प्रश्न विचारण्याची ही रीत गडचिरोलीत परकी नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. त्याच्या पुष्कळ आधीपासून तेथे अभ्यासगटाची प्रथा आहे. एखाद्या विषयाची माहिती घेण्यासाठी लोक एकत्र बसतात, बाहेरच्या जाणकारास बोलावतात, त्यास खोदून विचारतात. आणि मग ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय होतो. तज्ज्ञाने सांगावे, पण ठरवू नये, ही मर्यादा त्यांनी आखून घेतली आहे. त्याच जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेचा प्रयोग केला आणि त्याचे फलित १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. त्या गावांत नवजात बालमृत्यूचे प्रमाण हजारी ६२ वरून सुमारे २५ वर उतरले होते. त्या आकड्यामागे गावातल्याच आरोग्यसेविकांचे काम आणि घरोघरच्या जन्ममृत्यूंची नोंद होती. हिशेब पुढे कशानेही केला असो. मुळाशी प्रत्येक एकक म्हणजे कोणाच्या तरी घरातले मूल होते, आणि ते जगले की गेले, हे त्या गावास ठाऊक होते. अशा आकड्याचे आप्तत्व यंत्रावर अवलंबून नसते.

तात्पर्य, आज्ञावली स्वतः आप्त होऊ शकत नाही; तिला आप्तत्व उसने द्यावे लागते आणि ते मनुष्यानेच द्यावयाचे असते. सावकाराकडे जसा जामीन राहावा लागतो तसा संशोधकाने आकड्यास जामीन राहिले पाहिजे. या जामिनाच्या अटी फार नाहीत. कोणती आज्ञावली वापरली, तीत कोणत्या व्याप्ती गृहीत धरल्या आणि कोणते आकडे आपल्या मताने घातले, हे त्याने उघड सांगावे. उत्तर एकच ठाम आकडा म्हणून न सांगता त्याच्या दोन्ही कडा सांगाव्यात. २,९६७ हा आकडा सर्वांच्या तोंडी झाला. परंतु गणना करणाऱ्यांनी २,६०३ ते ३,३४६ अशी मर्यादा त्यासोबत दिली होती, ती मात्र थोड्यांच्याच वाचनात आली. आणि ज्यांच्यावर तो आकडा लागू होणार, त्यांच्या भाषेत त्याचा हिशेब देण्यास त्याने तयार असावे.

श्रम यंत्राकडे सोपविणे यात कमीपणा नाही. साडेतीन कोटी चित्रे मनुष्याने डोळ्यांनी चाळीत बसावे असे कोण म्हणेल? पण श्रम सोपविले म्हणून जबाबदारी सोपविली असे होत नाही. 'संगणकाने सांगितले' हे वाक्य ज्या अहवालात शेवटचे उत्तर म्हणून येईल, तो अहवाल तेवढ्यापुरता निनावी आहे असे समजावे. त्याखाली कोणाची सही आहे, आणि तो मनुष्य सिंदेवाहीच्या चावडीवर येऊन प्रश्नांस उत्तरे देईल काय, हे विचारण्याचा अधिकार वाचकाचा आहे, आणि वाचकाहूनही अधिक, त्या चावडीवर बसणाऱ्यांचा आहे.